घरगुती ब्लास्टिंग पेटी: निवड आणि वापर

प्रस्तावना

दाबाखालील हवेच्या झोतातून कठीण, बारीक कण धातूच्या पृष्ठभागावर वेगाने आदळवून त्यावरचा गंज, जुना रंग, जळलेल्या तेलाचा थर किंवा ओतकामाची पापडी काढून टाकण्याच्या क्रियेला ब्लास्टिंग म्हणतात. ही क्रिया उघड्यावर न करता पत्र्याच्या बंद पेटीत केली जाते आणि काम करणारा माणूस पेटीला जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यांतून हात घालून, वरच्या काचेतून पाहत, आतील सुटा भाग झोतासमोर फिरवतो, तेव्हा त्या साधनाला ब्लास्टिंग कॅबिनेट किंवा नुसती ब्लास्टिंगची पेटी असे म्हटले जाते. मोठ्या कारखान्यांत ही साधने अनेक दशकांपासून आहेत. गेल्या काही वर्षांत मात्र टेबलावर मावणाऱ्या किंवा चार पायांवर उभ्या राहणाऱ्या लहान पेट्या गॅरेजवाले, फिटर, वेल्डर आणि जुनी वाहने नव्याने उभी करणारे हौशी लोक यांच्या आवाक्यात आल्या आहेत. प्रस्तुत पुस्तक अशा लहान पेटीविषयी आहे, आणि तिची निवड करताना पेटीपेक्षा तिच्या आधी येणारी हवा आणि तिच्यातून बाहेर पडणारी धूळ यांचा विचार अगोदर झाला पाहिजे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात असलेले वळसंग हे गाव या विवेचनात आधारभूत धरले आहे. याच रस्त्यावर सोलापूर शहराच्या कडेला अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत आहे आणि तेथे चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग चालतात. या मागांचे सांगाडे, दातेरी चाके, तरफा आणि कंस प्रामुख्याने बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. गावाच्या शिवारात विहिरीवरची जुनी डिझेल इंजिने, नांगर, पाभरी आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग आहेत, तर घरांच्या अंगणात आणि गोठ्यांच्या कडेला बंद पडलेल्या चेतक, राजदूत किंवा लूना अजूनही दिसतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. या परंपरेतून महाराष्ट्राच्या खेड्यांत आलेले लोखंड दणकट आहे, नव्या भागाच्या तुलनेत त्याचे ओतकाम पुष्कळदा अधिक जाडही आहे, आणि त्याचा घात झिजेपेक्षा गंजानेच जास्त होतो. पर्जन्यछायेतील या भागात पाऊस थोडा पडत असला, तरी युरियासारख्या खतांचा संपर्क, गोठ्यातील मूत्र आणि विहिरीकाठची कायमची ओल यांमुळे लोखंड पावसाळ्याची वाट पाहत नाही. ज्या यंत्रांचे भाग आता बाजारात मिळत नाहीत त्यांच्या बाबतीत, आहे तो भाग स्वच्छ करून, तपासून, रंगवून पुन्हा बसवणे याला दुसरा पर्याय उरत नाही.

हे काम आजवर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडरवरची तारेची वाटी आणि सौम्य आम्ल यांच्या साहाय्याने होत आले आहे. या साधनांना त्यांचे स्थान आहे. परंतु तारेचा ब्रश गंजाच्या खड्ड्यात पोहोचत नाही, तो वरचा भाग चमकवतो आणि खड्ड्याच्या तळाचा गंज तसाच राहून नव्या रंगाखाली पुन्हा पसरतो. आम्ल सांध्यांत आणि आट्यांत शिरून राहते आणि पुरेसे धुतले गेले नाही तर महिन्याभरात तेथूनच गंज सुरू करते. कणांचा झोत मात्र खड्ड्याच्या तळापर्यंत जातो आणि त्याच वेळी पृष्ठभागावर सूक्ष्म खरखरीतपणा निर्माण करतो, ज्यामुळे प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, धातूला घट्ट धरून राहतो. स्वच्छतेच्या या प्रतीसाठी आयएसओ ८५०१-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील ‘एसए अडीच’ ही प्रत, ज्यात ठिपक्यांच्या किंवा रेषांच्या रूपातील फिकट डागांखेरीज काही शिल्लक राहत नाही, घरगुती कामासाठी पुरेशी आहे, आणि त्यापुढची पूर्ण शुभ्र प्रत गाठण्यासाठी खर्च होणारी हवा व वेळ बहुतेक वेळा वाया जातात.

या क्रियेचे पेटंट अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांना १८७० मध्ये मिळाले आणि प्रारंभी तिचा उपयोग काचेवर व दगडावर कोरीव काम करण्यासाठीही झाला. त्या काळी कण म्हणून वाळूच वापरली जात असे, आणि तेथूनच या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न सुरू होतो. वाळूतील गारगोटी म्हणजे स्फटिकरूप सिलिका. वाळूचा कण धातूवर आदळला की पहिल्याच आघातात फुटतो आणि त्याच्यापासून डोळ्यांना न दिसणारी, ताज्या तुटलेल्या कडांची धूळ तयार होते. ही धूळ श्वासाबरोबर फुप्फुसाच्या सर्वांत खोल भागात जाऊन तेथे बसते, तिच्याभोवती चट्टे तयार होतात, फुप्फुस हळूहळू ताठर होत जाते आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. तो झाल्यावर मागे फिरवता येत नाही.

हा धोका सैद्धांतिक नाही. ज्या दगडी पेन्सिलींनी भारतातील मुलांच्या अनेक पिढ्या पाटीवर अक्षरे गिरवायला शिकल्या, त्या कापणारे मध्य प्रदेशातील मंदसौरचे कामगार आणि गुजरातेत खंभात येथे अकीक घासणारे कारागीर या रोगाने मोठ्या संख्येने ग्रासले गेले. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये सिलिकायुक्त वाळू वापरण्यास मनाई केली; अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९७४ मध्ये तशीच शिफारस केली; आणि तुर्कस्तानात जीनच्या कापडाला जुनेपणा आणण्यासाठी वाळूचा झोत मारणाऱ्या तरुण कामगारांत सिलिकोसिस आढळल्यानंतर २००९ मध्ये त्या कामावर बंदी आली. कापडाच्या धंद्यावर जगणाऱ्या सोलापूर परिसराला हे शेवटचे उदाहरण अधिक जवळचे वाटावे, कारण कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा गिरणी कामगारांचा श्वसनविकार आणि सिलिकोसिस हे दोन्ही भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदलेले होते. त्या कायद्याने मुळात विजेवर चालणाऱ्या जागेलाही दहा किंवा अधिक कामगार असले तरच कारखाना मानले असल्यामुळे घरामागच्या शेडमध्ये एकट्याने काम करणाऱ्या माणसाकडे पाहणारा निरीक्षक कधीच नव्हता, आणि म्हणून त्याची काळजी त्यालाच घ्यावी लागते.

वळसंगच्या संदर्भात हा मुद्दा अधिक ठासून मांडण्याचे कारण भौगोलिक आहे. भीमा आणि सीना या दोन्ही नद्या याच तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे एकत्र येतात, नदीची वाळू बांधकामासाठी सर्वत्र आलेली असते आणि घरासमोर पडलेल्या ढिगातून चार घमेली वाळू चाळून पेटीत टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे. पेटी बंद असल्यामुळे वाळू चालेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. लहान पेट्यांच्या दारांचे रबर, हातमोज्यांचे सांधे आणि धूळ ओढणारी पिशवी यांतून सूक्ष्म धूळ बाहेर येतेच, आणि दार उघडण्याच्या क्षणी तर ती थेट चेहऱ्यावर येते. या पुस्तकात वाळूचा विचार पर्याय म्हणून कोठेही केलेला नाही.

वाळूऐवजी वापरण्याजोग्या कणांत ॲल्युमिनियम ऑक्साईडचे स्थान पहिले आहे. ग्राइंडिंगच्या चाकात आणि एमरी कापडात असणारे हेच द्रव्य असून खनिजांच्या काठिण्याच्या मोज मापावर त्याचे काठिण्य ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल आहे. वाळूपेक्षा कठीण असूनही ते एका आघातात चुरा होत नाही आणि पेटीतल्या पेटीत पुनःपुन्हा वापरता येते. अशा घर्षकांचा उद्योग महाराष्ट्राला परका नाही. उरणजवळ मोरा येथे ग्राइंडिंगची चाके १९४० च्या दशकापासून तयार होत आली आहेत. कणांची जाडी ग्रिट या क्रमांकाने सांगितली जाते आणि क्रमांक वाढला की कण बारीक होतो: ६० क्रमांकाचा कण साधारण पाव मिलिमीटरचा, तर १२० क्रमांकाचा त्याच्या निम्म्याहूनही लहान असतो. नांगराचा फाळ, मागाचा बिडाचा कंस किंवा इंजिनाचे चाक यांसाठी ६० ते ८०, आणि पत्र्याचे भाग व नाजूक कंस यांसाठी १०० ते १२० हे क्रमांक योग्य ठरतात.

काचेचे मणी, म्हणजे मुद्दाम गोल बनवलेले काचेचे सूक्ष्म कण, यांचे काम वेगळे आहे. ते धातू खात नाहीत. त्यावर लहान लहान ठोके देऊन मळ उडवतात आणि ॲल्युमिनियमला मंद, रेशमी चकाकी देतात, म्हणून स्कूटरच्या इंजिनाचे बाहेरचे आवरण, हेडवरचे पंख किंवा लिव्हर यांसाठी ते उत्तम, परंतु खोल गंजासमोर निरुपयोगी ठरतात. काचेतील सिलिका स्फटिकरूप नसल्यामुळे तिचा धोका वाळूसारखा नाही, तरी कोणतीही बारीक धूळ श्वासात जाऊ देऊ नये. गार्नेट हे नैसर्गिक खनिज या दोहोंच्या मधले आहे. पोलादी छर्रे वा कण मोठ्या यंत्रांत उपयोगी पडतात; लहान पेटीत ते पावसाळ्यात स्वतःच गंजतात आणि ॲल्युमिनियमवर वापरले तर त्यात रुतून पुढे तांबूस डाग उमटवतात. एकाच पेटीत ॲल्युमिनियम आणि लोखंड आलटून पालटून साफ करणाऱ्यांनी हेही जाणले पाहिजे की ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि गंजाची पूड यांचे मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकते; दोन धातूंच्या कामांमध्ये कण बदलणे आणि धुळीची पिशवी रिकामी करणे अटळ आहे.

यानंतर हवेचा विचार येतो, आणि घरगुती पेटी घेऊन पस्तावलेल्या बहुतेकांची चूक येथेच झालेली असते. लहान पेट्यांत प्रायः शोषक पिस्तूल असते: त्यातील हवेच्या बारीक तोंडातून वेगाने निघणारा झोत मागे पोकळी निर्माण करतो, त्या ओढीने पेटीच्या तळातून कण नळीवाटे वर येतात आणि हवेबरोबर नोझलमधून बाहेर फेकले जातात. दुसऱ्या, दाबकुंभाच्या पद्धतीत कण बंद भांड्यात हवेच्या दाबाखालीच ठेवलेले असतात. ती कितीतरी वेगवान असली, तरी तिला अधिक हवा, अधिक देखभाल आणि अधिक सावधगिरी लागते, त्यामुळे सुरुवातीला शोषक पिस्तूलच इष्ट. त्याच्या हवेच्या तोंडाचा व्यास २ मिलिमीटर असेल, तर ८० पीएसआय दाबाला त्याला मिनिटाला सुमारे ७ घनफूट हवा लागते. तोंड ३ मिलिमीटरचे असेल तर सुमारे १६, आणि ४ मिलिमीटरचे असेल तर सुमारे २८ घनफूट. व्यास दुप्पट झाला की हवा चौपट लागते, हा नियम लक्षात ठेवला तर नोझल झिजत गेल्यावर काम का मंदावते तेही आपोआप कळते. साधे चिनीमातीचे नोझल काही तासांच्या कामात रुंदावते. टंगस्टन किंवा बोरॉन कार्बाइडचे महाग असले तरी दीर्घकाळ टिकते आणि त्या काळात वाचवलेल्या हवेत आपली किंमत भरून काढते.

आता कंप्रेसरकडे पाहिले तर पिस्टनच्या साध्या यंत्रातून एका अश्वशक्तीला मिनिटाला ३ ते ४ घनफूट हवा प्रत्यक्ष मिळते. यंत्राच्या पाटीवर छापलेला आकडा बहुधा पिस्टनने व्यापलेल्या घनफळाचा असतो आणि हाती येणारी हवा त्याहून बरीच कमी असते, म्हणून विक्रेत्याला ‘फ्री एअर डिलिव्हरी’ किती, असेच विचारले पाहिजे. गावठाणातील घरात सिंगल फेज वीज असते आणि तिच्यावर साधारण २ अश्वशक्तीपर्यंतचा कंप्रेसर चालतो. तो २ मिलिमीटरच्या तोंडाला जेमतेम पुरतो आणि त्यालाही अधूनमधून विसावा द्यावा लागतो. ३ मिलिमीटरचे तोंड अखंड चालवायचे तर ५ अश्वशक्ती, म्हणजे थ्री फेज जोडणी हवी, आणि शेतीपंपाची थ्री फेज वीज ठरावीक तासांनाच येत असल्यामुळे शेतातील शेडमध्ये पेटी ठेवणाऱ्याला कामाचे वेळापत्रक विजेप्रमाणे बसवावे लागते. मोठी टाकी हा या अडचणीवरचा उपाय नाही. टाकी पहिली काही मिनिटे सोय करते, हवा निर्माण करत नाही. दोन मिलिमीटरच्या तोंडावर संथपणे पण सतत होणारे काम हे चार मिलिमीटरच्या तोंडावर दाब कोसळत होणाऱ्या कामापेक्षा निश्चित चांगले.

हवेतील पाणी हा दुसरा शत्रू. दाबल्याने तापलेली हवा नळीत थंड झाली की तिच्यातील वाफेचे पाणी होते, ते कणांना ओलसर करते, कणांचे गोळे होऊन नळी तुंबते आणि ताज्या उघड्या लोखंडावर तेच पाणी शिंपडले जाते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे हा त्रास जाणवत नाही आणि जूननंतर अचानक सुरू होतो. कंप्रेसर व पेटी यांच्यामध्ये काही मीटर लोखंडी नळ उतार देऊन बसवावा, त्याच्या खालच्या टोकाला पाणी सोडण्याची तोटी ठेवावी आणि पाणी वेगळे करणारी गाळणी पेटीजवळ, म्हणजे हवा थंड झाल्यानंतरच्या जागी लावावी. कंप्रेसरलाच चिकटवलेली गाळणी गरम वाफ तशीच पुढे जाऊ देते. टाकीतील पाणी रोज सोडावे. नळी अर्ध्या इंचाची असावी, कारण टायरमध्ये हवा भरण्याच्या बारीक नळीतून दाब पोहोचतो पण हवा पोहोचत नाही.

पेटीविषयी सांगण्याजोगे तुलनेने थोडे आहे, आणि ते स्थानिक वेल्डरकडून बनवून घेणाऱ्यालाही लागू पडते. तळाचा नरसाळ्यासारखा भाग पुरेसा उताराचा असावा, नाहीतर कण कडेला साचून राहतात. पेटीचा आकार आतल्या सर्वांत मोठ्या भागाला फिरवता येईल एवढा असावा. लहान पेटीत स्कूटरचा फोर्क अर्धा बाहेर काढून, भोकाला चिंधी गुंडाळून काम करणारे लोक पेटीचा हेतूच नष्ट करतात. काचेच्या आतून बदलता येणारी पारदर्शक फिल्म लावावी. दिवा शक्यतो पेटीबाहेर काचेमागे असावा. पेटी आणि पिस्तूल यांना अर्थिंग हवे, कारण कोरड्या हवेत वाहणारे कण स्थिर विद्युतभार साठवतात आणि हाताला बसणारे झटके माणसाला पेटीपासून दूर ठेवतात.

धूळ ओढण्याची व्यवस्था नसलेली पेटी विकत घेऊ नये. पिस्तूल पेटीत सतत हवा ओतत असते. तिच्यापेक्षा कितीतरी अधिक हवा बाहेर ओढली गेली तरच पेटीत किंचित ऋण दाब राहतो, फटींतून धूळ बाहेर न येता बाहेरची हवा आत जाते, आणि काम करणाऱ्याला समोरचा भाग दिसतो. घरातील व्हॅक्यूम क्लीनर सरळ जोडला तर त्याची पिशवी लवकरच तुंबते. मध्ये एक सायक्लोन, म्हणजे हवेला गोल फिरवून जड कण खाली पाडणारा शंकू ठेवला, तर बरीचशी धूळ डब्यात जमते आणि गाळणीचे आयुष्य वाढते. निर्गमाचे तोंड शेडबाहेर, गोठा आणि पाण्याच्या हौदापासून दूर असावे. एवढे करूनही दार उघडण्यापूर्वी पिस्तूल थांबवून धूळ ओढणारा पंखा मिनिटभर चालू ठेवावा आणि कण बदलताना किमान एन-९५ दर्जाचा मुखवटा लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत या धुळीत आणखी एक विष मिसळते. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पूर्वी रेड लेडचा, म्हणजे शिशाच्या शेंदराचा, पहिला हात देत असत, आणि पिवळ्या-नारिंगी यंत्ररंगांतही शिसे असे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले; त्यापूर्वी रंगवलेला कोणताही भाग शिशाचा संशय धरूनच हाताळावा. असा रंग आधी रंगमारक द्रव लावून, ओला असतानाच काढावा आणि मगच भाग पेटीत घ्यावा. वापरलेली पूड शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नये, कारण तेथून शिसे चाऱ्यात आणि दुधात येऊ शकते. झाकणाच्या डब्यात साठवून ती घातक कचरा म्हणून सोपवावी. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ब्रेकशू पेटीत मुळीच घालू नयेत.

प्रत्यक्ष कामाच्या पद्धतीवर पुस्तकात सविस्तर प्रकरणे आहेत. येथे त्यांतील दिशा तेवढी दाखवणे पुरे. भाग आधी तेल-ग्रीसमुक्त करून, धुऊन, उन्हात पूर्ण वाळवावा, कारण तेलकट भाग सगळे कण नासवतो. झोत पृष्ठभागाशी ४५ ते ६० अंशांचा कोन करून, वीतभराहून थोड्या कमी अंतरावरून फिरता ठेवावा. काटकोनात मारलेला झोत उसळून परत येतो आणि कण एकमेकांवर आदळून फुकट जातात. चेतकच्या बाजूच्या पत्र्यासारखा पातळ, सपाट पत्रा जास्त दाबाने ताणला जाऊन फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही, म्हणून तेथे ४० पीएसआयच्या आसपास थांबावे. आटे, घासून बसणारे पृष्ठभाग आणि तेलाची भोके रबरी बुचांनी व टेपच्या अनेक थरांनी झाकावीत. बेअरिंग, सिलिंडरचे बोअर, क्रँकशाफ्ट आणि तेलाच्या बंद वाटा असलेले इंजिनाचे आतील भाग पेटीत जाऊच नयेत. वाटेत अडकलेला एक चमचा ॲल्युमिनियम ऑक्साईड पुढे तेलात मिसळून नवे बेअरिंग संपवतो. कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत काचेचे मणी अडकतात आणि सुईने निघत नाहीत.

ज्या यंत्रांची ओतीव अक्षरे, उत्पादकाचे नाव, अनुक्रमांक किंवा पितळी पाटी शिल्लक आहे, त्यांच्याबाबत हा लेखनप्रपंच विशेष आग्रही आहे. पितळी पाटी काढून वेगळी ठेवावी आणि ओतीव अक्षरांवर ६० क्रमांकाचा कण वापरू नये, कारण कडा एकदा गोल झाल्या की त्या यंत्राची ओळख पुन्हा मिळत नाही. तांब्या-पितळेची घरातील भांडी आणि मूर्ती साफ करण्यासाठी ही पेटी नाही.

ब्लास्टिंगनंतरचे लोखंड पूर्णपणे उघडे असते आणि हाताच्या घामानेही त्यावर बोटांचे ठसे गंजून उमटतात. कोरड्या हवेने फुंकून, स्वच्छ हातमोज्यांनी उचलून, उन्हाळ्यात त्याच दिवशी आणि आर्द्र दिवसांत तासा-दोन तासांतच प्रायमरचा हात द्यावा. म्हणून संध्याकाळी जितके रंगवून होईल तितकेच भाग दुपारी पेटीत घालावेत.

शेवटी, प्रत्येकाने स्वतःची पेटी घ्यावी असा या पुस्तकाचा हेतू नाही. वर्षाकाठी एखादी मोटारसायकल उभी करणाऱ्याला सोलापुरातील औद्योगिक वसाहतीतील ब्लास्टिंगवाल्याकडे भाग देणे स्वस्त पडते, फक्त कोणते कण वापरणार आणि दाब किती ठेवणार हे आधी ठरवून घ्यावे आणि वाळू वापरणाऱ्याकडे जाऊ नये. थ्री फेज जोडणी आणि ५ अश्वशक्तीचा कंप्रेसर आधीच असलेल्या वळसंगसारख्या गावातील एखाद्या वेल्डिंगच्या वा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये एक चांगली पेटी, पुरेशा धूळ-व्यवस्थेसह, चारपाच जणांनी मिळून बसवली, तर २ अश्वशक्तीच्या कंप्रेसरवर धापा टाकणाऱ्या पाच पेट्यांपेक्षा ती अधिक काम करील. पुढील पहिले प्रकरण म्हणूनच पेटीच्या वर्णनाने सुरू न होता, अशा शेडमधील उपलब्ध हवा मोजण्याच्या रीतीने सुरू होते.